मोटार घसरविण्याची विद्या

मोटार चालविण्यास शिकणाऱ्या माणसास पहिल्या दिवसापासून जो उपदेश केला जातो त्याचें सार एवढेंच असतें कीं, चाकांची रस्त्यावरील पकड कधीं सुटूं देऊं नये. ओला रस्ता, सांडलेलें तेल, वळणावरची बारीक खडी यांस चालक भितो तो याच कारणानें. असें असतां जगांत अशीही एक विद्या निर्माण झाली आहे कीं, जींत ही पकड जाणूनबुजून सोडविली जाते, मोटार आडवी होऊन वळणांतून घसरत जाते, आणि तरीही ती चालकाच्या आज्ञेबाहेर जात नाहीं. या विद्येस ‘ड्रिफ्ट’ असें नांव असून तिचें माहेर जपान हा देश होय. जी गोष्ट दोष म्हणून टाळावयाची तिचीच गुण म्हणून जोपासना कशी झाली, त्यापायीं काय किंमत द्यावी लागली, आणि मागील चाकांच्या जोरावर चालणारी जुनी मोटार घेऊन जो तरुण आज प्रथमच मैदानावर उतरूं पाहतो त्यास या इतिहासापासून काय घेतां येईल, याचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम घसरणें म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. टायर आणि रस्ता यांमध्यें जें घर्षण असतें त्यास मर्यादा असते. एखाद्या कुटुंबाचें महिन्याचें उत्पन्न ठरलेलें असावें आणि त्यांतूनच भाडें, वाणसामान व मुलांची फी भागवावी लागावी, तशीच टायरची स्थिति आहे. वेग वाढविणें, वेग आवरणें आणि दिशा बदलणें हे तिन्ही खर्च त्यास त्या एकाच पुंजींतून करावे लागतात. एका खर्चाकडे अधिक गेलें कीं दुसऱ्यास तितकें कमी पडतें, आणि पुंजी संपली कीं टायर घसरूं लागतो.

आतां मोटारीच्या रचनेकडे पाहूं. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशकें टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमिअर पद्मिनी किंवा सर्वांस परिचित असलेली अँबॅसडर या गाड्यांत इंजिन पुढें असे, आणि त्याची शक्ति एका लांब फिरत्या दांड्यानें मागील चाकांकडे नेलेली असे. पुढील चाकांनीं वळावयाचें व मागील चाकांनीं ढकलावयाचें, अशी ही कामाची वांटणी होय. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० या गाडींत मात्र ओढणें व वळणें हीं दोन्ही कामें पुढील चाकांकडेच सोंपविलेलीं होतीं. ड्रिफ्टच्या विद्येस पहिल्या प्रकारची गाडी लागते. तशी गाडी वळणांत असतां चालकानें इंजिनाचा जोर वाढविला तर मागील टायरांची पुंजी ढकलण्यांतच खर्च होते, वळणाचा ताण सोसण्यास कांहीं उरत नाहीं, आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूस फिरूं लागतो. अशा वेळीं चालकानें कांहींच केलें नाहीं तर गाडी स्वतःभोंवतीं गरकन फिरते. परंतु त्यानें स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेस फिरविलें आणि इंजिनाचा जोर बेताचा राखला, तर गाडी आडवी राहूनच वळणाच्या रेषेनें पुढें सरकत जाते. तिचें तोंड आंतल्या बाजूस, पुढील चाकें बाहेरच्या बाजूस आणि गति या दोहोंच्या मधल्या दिशेनें, असा तो विलक्षण तोल असतो. भेदरून एकदम पाय काढला तर मागील चाकांची पकड झटक्यासरशी परत येते, आणि गाडी उलट बाजूस फेंकली जाते. नवशिक्यांचे पुष्कळसे अपघात पहिल्या घसरणीपेक्षां या दुसऱ्या झटक्यानें घडतात.

हा तोल प्रथम साधला तो जपानांत नव्हे, युरोपांतील शर्यतींच्या रस्त्यांवर. इटलींतील ताझिओ नुव्होलारी हा १८९२ सालीं जन्मलेला शर्यतपटु या बाबतींत आद्य मानला जातो. १९३१ सालीं एका शर्यतीच्या सरावांत त्याच्या शेजारीं बसून गेलेले एन्झो फेरारी यांनीं पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, पहिल्याच वळणास गाडी खड्ड्यांत जाणार अशी त्यांची खात्री झाली होती. परंतु नुव्होलारीचा चेहरा निर्विकार होता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणानंतर फेरारी यांस उमजलें कीं, हा मनुष्य वळण येण्यापूर्वींच गाडीचें नाक आंत वळवितो, चारही चाकें घसरूं देतो, आणि मग पाय न काढतां गाडी बाहेर काढतो. पुढें अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ यानें ४६ व्या वर्षीं, १९५७ सालच्या जर्मन ग्राँप्रीच्या शर्यतींत, न्यूर्बर्गरिंगच्या डोंगराळ मार्गावर मासेराती गाडी अशाच रीतीनें हांकून आपलें पांचवें जगज्जेतेपद निश्चित केलें.

परंतु या युरोपीय चालकांच्या दृष्टीनें घसरणें हें साध्य नव्हतें. तें केवळ साधन होतें. त्या काळच्या टायरांत धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके घातलेले असत. असा टायर घसरूं लागतांना आधीं पुरेशी सूचना देई आणि बराच तिरका धरला तरी पकड एकदम सोडीत नसे. त्यामुळें किंचित् घसरत जाणें हाच त्या टायरवर सर्वांत जलद जाण्याचा मार्ग ठरे. फ्रान्समधील मिशेलीन कंपनीनें १९४६ सालीं आडव्या धाग्यांच्या, म्हणजे रेडियल, टायरचें पेटंट घेतलें आणि १९४९ सालीं तो बाजारांत आणला. पुढें शर्यतींचे टायर रुंद झाले, गाड्यांचीं चौकटीं सुधारलीं, आणि घसरण्यांत वेळ जातो असें घड्याळानेंच सिद्ध केलें. युरोपांतील डांबरी शर्यतमार्गांवर ही विद्या हळूहळू मागें पडली.

तिला नवें जीवन मिळालें तें जपानांत, कुनिमित्सु ताकाहाशि या गृहस्थांमुळें. ताकाहाशि यांचा जन्म १९४० सालचा. ते मूळचे मोटारसायकलचे शर्यतपटु. १९६१ सालीं पश्चिम जर्मनींत होकेनहाइम येथें होंडाच्या गाडीवर त्यांनीं मिळविलेला विजय हा जागतिक ग्राँप्रीमधील जपानी स्वाराचा पहिला विजय होय. दुसऱ्याच वर्षीं मॅन बेटावरील शर्यतींत ते पडून गंभीर जखमी झाले. कांहीं काळानें ते दुचाकी सोडून चारचाकीकडे वळले आणि निस्सान कंपनीच्या स्कायलाइन गाड्या चालवूं लागले. १९७० च्या सुमारास जपानांतील शर्यतींत त्यांची एक रीत प्रेक्षकांच्या नजरेंत भरली. ते वळणांत अतिशय वेगानें शिरत, वळणाच्या मध्यबिंदूपूर्वींच गाडी घसरवीत, आणि तिचें तोंड आधींच बाहेरच्या वाटेकडे झालेलें असल्यामुळें सुटतांना पुन्हा वेग घेत. टायरांचा धूर निघे, लोक टाळ्या वाजवीत. ताकाहाशि यांस शर्यत जिंकावयाची होती. प्रेक्षकांच्या मनांत मात्र त्यांची घसरण घर करून राहिली. साधन आणि साध्य यांची अदलाबदल येथून सुरू झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या प्रेक्षकांच्या पिढींतील एक तरुण म्हणजे १९५६ सालीं नागानो प्रांतांत जन्मलेले केइइचि त्सुचिया. हे कोणा कारखानदाराचे चिरंजीव नव्हते. शर्यतमार्गाचें भाडें, टायर आणि पेट्रोल यांचा खर्च ज्यांस झेपत नाहीं अशा तरुणांनीं रात्रीच्या वेळीं डोंगरांतील रस्त्यांवर सराव करण्याची एक चाल त्या काळीं जपानांत पडली होती. या रस्त्यांस जपानी भाषेंत ‘तोगे’ म्हणतात, आणि मराठींतील ‘घाट’ हा शब्द त्याच्याशीं अगदीं जुळता आहे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, मध्यें एकामागून एक वळणें. त्सुचिया यांचें शिक्षण अशाच रस्त्यांवर झालें. १९७७ पासून ते शर्यतींतही उतरूं लागले.

त्यांचें नांव ज्या गाडीशीं कायमचें जोडलें गेलें ती टोयोटा कंपनीची १९८३ ते १९८७ या काळांत निघालेली स्प्रिंटर ट्रुएनो, तिच्या कारखान्यांतील अंकावरून ‘ए.ई. ८६’ म्हणून ओळखली जाणारी. त्या वेळीं टोयोटानें कोरोलाच्या कुळांतील बहुतेक गाड्या पुढील चाकांवर चालणाऱ्या केल्या होत्या; ही दोन दारांची गाडी तेवढी जुन्या पद्धतीची राहिली. सुमारें १६०० घन सेंटिमीटरचें सोळा झडपांचें इंजिन, एक टनाहून कमी वजन, साधी बळकट रचना आणि मध्यम माणसास परवडणारी किंमत, असे तिचे गुण होते. शक्ति फार नसल्यामुळें केवळ पाय दाबून ती घसरत नसे. ब्रेक लावून वजन पुढें आणणें, गाडी क्षणभर उलट बाजूस वळवून मग झोकणें, क्लच झटक्यानें सोडणें, अशा युक्त्यांनीं ती घसरवावी लागे. दुर्बळ गाडीनेंच चालकास हात आणि पाय यांचें व्याकरण शिकविलें.

१९८७ सालीं त्सुचिया यांच्या घाटांतील कौशल्याची ‘प्लसपी’ नांवाची चित्रफीत निघाली. ती तरुणांनीं डोक्यावर घेतली. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील या प्रकाराबद्दल त्यांचा शर्यतीचा परवाना कांहीं काळ काढून घेण्यांत आला. या शिक्षेस अन्याय म्हणतां येणार नाहीं. घाटाचा रस्ता हा रात्रीं कामावरून परतणाऱ्याचा, दूध-भाजी वाहणाऱ्याचा, आजाऱ्यास इस्पितळांत नेणाऱ्याचाही असतो. आंधळ्या वळणापलीकडून कोण येत आहे हें जगांतील कोणतेंही कौशल्य सांगूं शकत नाहीं. चित्रफितींत निष्णात माणसाचे हात दिसतात, त्यामागील हजारों रात्रींचा सराव दिसत नाहीं. आणि अनुकरण करणारा बहुधा जें दिसतें तेवढेंच उचलतो. ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं घाटांतील वळणांवर उंचवटे घातले, मधल्या रेषेवर लोखंडी खुंट्या व खांब रोविले. १९९५ पासून शुइचि शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथामाला प्रसिद्ध होऊं लागली आणि ती २०१३ पर्यंत चालली. तिचा नायकही ट्रुएनो गाडी घेऊन घाट उतरणारा मुलगा. तिच्यामुळें या जुन्या गाडीस जगभर कीर्ति मिळाली आणि घाटाचें आकर्षणही वाढलें. दुसऱ्या बाजूस २००१ सालीं जपानच्या दंडसंहितेंत धोकादायक वाहनचालनानें मृत्यु अथवा इजा घडविणें हा स्वतंत्र व कठोर शिक्षेचा गुन्हा ठरला, आणि आवरतां येणार नाहीं अशा वेगानें गाडी हांकणें हा त्या गुन्ह्याचा एक प्रकार म्हणून सांगण्यांत आला.

मग ही विद्या वांचली कशी? नुसत्या बंदीनें ती गेली नसती, आणि नुसत्या कौतुकानें ती माणसें मारीत राहिली असती. तिला स्वतःची जागा मिळाली म्हणून ती वांचली. ‘ऑप्शन’ मासिकाचे संपादक दाइजिरो इनादा व त्सुचिया यांनीं बंदिस्त मार्गावर ड्रिफ्टच्या स्पर्धा भरविण्यास चालना दिली. २००० सालच्या अखेरीस फुकुशिमा प्रांतांतील एबिसु मार्गावर व्यावसायिक चालकांची स्पर्धा झाली आणि तींतून ‘डी १ ग्राँप्री’ ही मालिका उभी राहिली. २००३ सालीं ती कॅलिफोर्नियांतील अर्विंडेल येथें जाऊन पोंचली. २००४ पासून अमेरिकेंत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. आणि २०१७ सालीं मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेनें तोकिओच्या ओदाइबा भागांत आपल्या नांवानें पहिला ड्रिफ्ट चषक भरविला. तो मासातो कावाबाता या जपानी चालकानें जिंकला. या स्पर्धांत प्रथम कोण पोंचलें हें पाहात नाहींत. वळणांत शिरतांनाचा वेग, गाडीचा तिरकेपणा, तिनें घेतलेली रेषा, आणि दोन गाड्या मागोमाग असतां एकीनें दुसरीशीं राखलेली जवळीक, यांवरून परीक्षक गुण देतात. गायन अथवा मल्लखांब यांच्या परीक्षेशीं या पद्धतीचें नातें अधिक जवळचें आहे.

गुरुशिष्यांच्या संबंधांतील एक गोष्ट येथें मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९५ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत ताकाहाशि, त्सुचिया आणि आकिरा इइदा या तिघांनीं होंडाची एन.एस.एक्स. गाडी चालवून आपल्या वर्गांत पहिला क्रमांक मिळविला. ताकाहाशि त्या वेळीं ५५ वर्षांचे होते. ज्या शर्यतींत चोवीस तास टायर, इंजिन व ब्रेक जपून वापरावे लागतात, घसरण्याची चैन मुळींच परवडत नाहीं, ती या दोघां घसरणाऱ्यांनीं जिंकली. ज्यास पकड सोडतां येते त्यास ती राखतांही येते, हेंच या विजयानें दाखविलें. ताकाहाशि २०२२ सालीं वारले.

आतां त्या तरुणाकडे वळूं, जो प्रथमच ही विद्या आजमावूं पाहतो. वरील इतिहासांतून त्याच्यासाठीं पहिला नियम निघतो तो जागेचा. घाट, रिकामा हमरस्ता, वसाहतीचें आवार, या त्याच्या शाळा नव्हेत. भारतांतही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें रस्त्यावरील धोकादायक चालन व परवानगीवांचून लावलेली शर्यत दंडनीय ठरविलेली आहे. त्याला हवें परवानगीचें, कुंपणाचें, झाड, खांब व दगडी कठडा यांपासून दूर असलेलें मोकळें फरसबंद मैदान, आणि तेथें जाणता शिक्षक.

दुसरी गोष्ट वेगाची. मैदान पाण्यानें भिजवून घेतलें असतां टायरची पकड कोरड्या डांबराच्या मानानें पुष्कळ कमी होते. ती निम्मी झाली असें धरलें आणि १० मीटर त्रिज्येचें वर्तुळ घेतलें, तर ताशीं सुमारें २५ किलोमीटर वेगासच गाडी घसरूं लागते, हें साध्या गणितानें काढतां येतें. त्याच ओल्या जागेवर ४० मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत ती ताशीं सुमारें ५० किलोमीटरला घसरेल. दोन्हीकडे हातापायांनीं शिकावयाचा धडा एकच. परंतु वेग दुप्पट झाला कीं धक्क्याची शक्ति चौपट होते. तेव्हां लहान ओल्या वर्तुळांत जो धडा चौथाई धोक्यांत मिळतो तो मोठ्या वळणावर घेण्यांत शहाणपण नाहीं. शिवाय ओल्या जागेवर टायरही कमी झिजतात, ही गोष्ट बेताच्या मिळकतीच्या माणसानें ध्यानांत घ्यावी.

तिसरी गोष्ट गाडीची. ती शक्तिमान नसली तरी चालेल, पण धडधाकट असली पाहिजे. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, चाकांचे नट, इंजिनांतील तेल व थंडावा देणारें पाणी हीं आदल्या दिवशींच तपासावीं. बॅटरी घट्ट बांधलेली असावी. बसण्याच्या जागेंतील व मागील पेटींतील प्रत्येक सुटी वस्तु, पाण्याची बाटलीसुद्धां, बाहेर काढून ठेवावी. कारण आडव्या झालेल्या गाडींत ती ब्रेकच्या खालीं जाऊन अडकूं शकते. हातब्रेक मागील चाकें खरोखर धरतो कीं नाहीं हें पाहावें. साध्या डिफरन्शिअलची गाडी असेल तर जोर दिला असतां आंतलें हलकें झालेलें चाक तेवढें नुसतें फिरतें व घसरण टिकत नाहीं. दोन्ही चाकांस जोर वांटून देणारें डिफरन्शिअल पुढें बसवितां येईल, पहिल्या दिवसास भिजलेलें मैदान पुरेसें आहे. नव्या गाड्यांत घसरण आपोआप आवरणारें विद्युत्-यंत्र असतें. मर्सिडीजच्या गाडींत १९९५ सालीं आलेल्या या योजनेनें सर्वसाधारण चालकांचे प्राण वांचविले आहेत. मैदानावर शिकतांना तें बंद करावें लागतें. रस्त्यावर परततांना तें पुन्हा चालू केल्याची खात्री करून घ्यावी.

चौथी गोष्ट चालकाची. आसन इतकें पुढें असावें कीं, पाठ न उचलतां मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकेल आणि क्लच पूर्ण दाबतां येईल. पट्टा घट्ट, डोक्यास शिरस्त्राण, पायांत पातळ तळव्याचे बूट. दृष्टि समोरच्या कांचेंतून नव्हे, तर जेथें जावयाचें तिकडे असावी, मग ती बाजूच्या खिडकींतून पाहावी लागली तरी चालेल. कारण हात डोळ्यांमागून जातात. पहिला धडा वर्तुळाचा, दुसरा त्याच वर्तुळांत दिशा बदलण्याचा, तिसरा इंग्रजी आठच्या आंकड्याचा. आणि या सर्वांच्याही आधीं शिकावयाची गोष्ट म्हणजे हार कशी मानावी. गाडी फिरलीच तर क्लच व ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावे आणि ती थांबेपर्यंत दाबूनच ठेवावे. उभी राहिल्यावर आजूबाजूस कोणी आहे काय हें पाहून मगच हलवावी.

कोणी विचारील कीं, एवढा खटाटोप कशासाठीं? पावसाळ्यांतील एखाद्या संध्याकाळीं ओल्या वळणावर मागचें चाक सुटतें तेव्हां विचार करण्यास वेळ नसतो. हातांस जें ठाऊक असेल तेंच ते करतात. भिजल्या मैदानावर पन्नास वेळां गरकन फिरलेल्या माणसाचे हात कदाचित् योग्य दिशेस वळतील. परंतु याहूनही मोठा लाभ दुसरा आहे. ताशीं २५ किलोमीटरच्या वेगांत गाडी किती सहज हातची जाते हें ज्यानें स्वतः पाहिलें, तो घाटाच्या वळणास पूर्वीपेक्षां हळू जाऊं लागतो. तेवढें झालें तरी त्याचा मैदानावरील दिवस सत्कारणीं लागला असें समजावें.